विश्लेषण : कोणता धंदा कुठे बसणार, हे ठरवते कोण? ‘झोनिंग’चे जनक एडवर्ड बॅसेट यांची कहाणी

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साड्यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. मुंबईच्या झवेरी बाजारात सराफांच्या पेढ्या भिंतीला भिंत लावून आहेत. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे व्यापारी एकाच गल्लीत का बसतात, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. पण त्याच गल्लीत उद्या कोणाला रंगाचा कारखाना का काढता येत नाही, याचे उत्तर शहराच्या विकास आराखड्यात असते. निवासी भागाला एक रंग, व्यापारी भागाला दुसरा, औद्योगिक भागाला तिसरा. या विभागणीला ‘झोनिंग’ म्हणतात.

अमेरिकेत अशा नकाशाला कायद्याचा भक्कम आधार मिळवून दिला तो ब्रुकलिनच्या एका वकिलाने. त्यांचे नाव एडवर्ड मरे बॅसेट. त्यांनी नियम लिहिले ते उजेड, हवा आणि सुरक्षिततेच्या नावाने. प्रत्यक्षात त्या नियमांनी न्यूयॉर्कमधील कपड्यांच्या शेकडो कारखान्यांचा पत्ता बदलण्यास हातभार लावला. हे कसे घडले, आणि त्यात कोणाचा फायदा झाला?

एडवर्ड बॅसेट कोण होते?

बॅसेट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६३ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. तेव्हा ब्रुकलिन हे न्यूयॉर्कचा भाग नव्हते, स्वतंत्र शहर होते. १८८४ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमधून पदवी आणि १८८६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण पूर्ण करून ते बफेलो शहरात वकिली करू लागले. १८९२ मध्ये ते परतले आणि न्यूयॉर्क परिसरातच स्थिरावले.

राजकारणातही त्यांनी पाऊल टाकले. डेमोक्रॅटिक पक्षाकडून ते अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. पण १९०३ ते १९०५ ही एकच मुदत. त्यांच्या पुढच्या कामाची दिशा ठरली ती १९०७ मध्ये. त्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक सेवा आयोगाचे सदस्य झाले. भुयारी रेल्वे कुठून न्यायची, हा या आयोगापुढचा मोठा प्रश्न होता.

मॅनहॅटनच्या दाटीतून लोकांना बाहेर काढायचे तर रेल्वे उपनगरांकडे न्यावी, असा तेव्हाचा विचार. पण रेल्वे पोहोचली की स्थानकाभोवतीच्या जमिनीचे भाव चढत आणि तिथेही खोल्यांवर खोल्या रचलेल्या चाळवजा इमारती उभ्या राहत. म्हणजे गर्दी कमी होण्याऐवजी तिचे ठिकाण बदलत होते. जमिनीच्या वापरावर लगाम नसेल, तर नुसत्या रेल्वेने शहर मोकळे होणार नाही, हा त्यातला धडा होता.

जर्मनीच्या प्रवासाने काय बदलले?

१९०८ मध्ये बॅसेट यांनी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे नगररचनेचे प्रदर्शन पाहिले. पंचेचाळिशीतल्या या वकिलावर त्याचा खोल ठसा उमटला. पुढची चाळीस वर्षे त्यांनी याच विषयाला वाहिली.

फ्रँकफर्टसारख्या जर्मन शहरांनी १८९० च्या दशकातच शहराचे विभाग पाडले होते. कुठल्या विभागात इमारत किती उंच, कुठे कारखाना चालेल, कुठे नाही, हे तिथे आधीच ठरलेले असे. अमेरिकेत मात्र जमीनमालकाने आपल्या जागेत काय करावे, यात सरकारने सरसकट लक्ष घालणे लोकांना मानवणारे नव्हते. तशी वेळ न्यूयॉर्कवर लवकरच येणार होती.

फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर भांडण कशाचे होते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचा श्रीमंती बाजार उत्तरेकडे सरकत होता. बी. आल्टमन हे मोठे दुकान १९०६ मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ३४व्या रस्त्यापाशी आले. त्याच वर्षी टिफनी ही जवाहिऱ्यांची पेढी ३७व्या रस्त्यापाशी आली. १९१४ मध्ये लॉर्ड अँड टेलर ३८व्या रस्त्यापाशी आले.

त्यांच्या पाठोपाठ आले ते कपडे शिवणारे कारखाने. हे कारखाने उंच इमारतींच्या मजल्यांवर चालत. एकेका मजल्यावर एखादा मालक, त्याची शिलाई यंत्रे आणि कामगार. या कामगारांत पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. अशाच एका इमारतीत, ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात, २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ जणांचा बळी गेला होता.

दुकानदारांची तक्रार मात्र वेगळी होती. दुपारच्या सुट्टीत कामगार फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या पदपथावर येत, घोळक्याने उभे राहत, गप्पा मारत. त्यामुळे श्रीमंत गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकत नाही आणि जागांचे भाव पडतात, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू असोसिएशनने हा मुद्दा लावून धरला. दुपारच्या सुट्टीत पाय मोकळे करण्याखेरीज या कामगारांचा दुसरा गुन्हा नव्हता.

पण कारखान्यांना तिथेच का यायचे होते?

स्पर्धक व्यावसायिक एकत्र येतात, याला कारणे असतात. अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये त्यातले एक कारण गणिताने मांडले. एका सरळ रस्त्यावर दोन दुकाने आहेत आणि गिऱ्हाईक सगळीकडे सारखे पसरलेले आहे, असे समजा. प्रत्येक दुकानदार समोरच्याचे गिऱ्हाईक तोडण्यासाठी थोडा थोडा मध्याकडे सरकतो. शेवटी दोघेही मध्यभागी, शेजारी शेजारी येतात.

कपड्यांच्या धंद्यात याखेरीज आणखी कारणे होती. बाहेरगावचे घाऊक खरेदीदार एका फेरीत दहा मालकांचा माल पाहू शकत. कापड, बटणे, अस्तर पुरवणारे जवळ असत. एका कारखान्यातले काम संपले की कारागिराला शेजारच्या कारखान्यात काम मिळे. शिवाय फॅशन आठवड्यागणिक बदले. शेजारचा काय शिवतोय, हे कळणे म्हणजेच धंदा टिकवणे. त्यामुळे या कारखान्यांना एकमेकांजवळ राहायचे होते, आणि माल विकत घेणाऱ्या बड्या दुकानांच्याही जवळ राहायचे होते.

झोनिंगचा परिणाम इथे समजतो. स्पर्धकांना एकत्र आणणारी ओढ कायद्याने संपत नाही. ती रस्ता बदलते. जिथे बंदी नाही, तिथे सगळे पुन्हा गोळा होतात.

बॅसेट यांच्यासमोर पेच कोणता होता?

१९१३ मध्ये मॅनहॅटनचे बरो प्रेसिडेंट जॉर्ज मॅकअ‍ॅनेनी यांच्या पुढाकाराने इमारतींच्या उंचीचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमला गेला. अध्यक्षपद बॅसेट यांच्याकडे आले. इक्विटेबल बिल्डिंग ही ३८ मजली अजस्र इमारत पाहून झोनिंग आले, असे अनेकदा सांगितले जाते. पण ती १९१५ मध्ये पूर्ण झाली. आयोगाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. शेजारच्या इमारतींवर मोठी सावली टाकणाऱ्या या इमारतीने लोकांच्या नजरेत प्रश्न ठसठशीत केला, इतके खरे.

खरा पेच कायद्याचा होता. जमिनीवर बंधन घालायचे तर दोन मार्ग होते. एक म्हणजे भूसंपादनासारखा. मालकाला भरपाई द्यायची. पूर्ण न्यूयॉर्कसाठी ते परवडणारे नव्हते. दुसरा मार्ग म्हणजे लोकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि सार्वजनिक हित यासाठी बंधन घालण्याचा सरकारचा मूळ अधिकार. यात भरपाई द्यावी लागत नाही. पण बंधनाचे कारण खरोखरच सार्वजनिक हिताचे आहे, हे न्यायालयाला पटावे लागते.

बॅसेट यांनी दुसरा मार्ग धरला. त्यामुळे नियमांत कोठेही बड्या दुकानांचा धंदा वाचवणे हे कारण चालणार नव्हते. सगळा भर आग, गर्दी, उजेड आणि हवेवर ठेवावा लागणार होता.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. वस्ती वाढल्यावर शहराने एका भागात विटा भाजण्यास बंदी केली. भट्टीमालक हॅडाचेक यांचे म्हणणे, बंदीमुळे आठ लाख डॉलरची जमीन साठ हजारांवर येईल. शिवाय दुसऱ्या भागातल्या वीटवाल्यांना मोकळीक आहे, म्हणजे कायदा माझ्या स्पर्धकांचे भले करतो, असाही त्यांचा दावा होता. डिसेंबर १९१५ मध्ये न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. न्यूयॉर्कमध्ये नियम लिहिणाऱ्यांसाठी तो मोठा दिलासा होता.

१९१६ च्या नियमांत काय होते?

२५ जुलै १९१६ रोजी न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी झोनिंगचे नियम मंजूर केले. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली, वापर. शहराचे निवासी, व्यापारी आणि अनिर्बंध असे तीन विभाग झाले. निवासी भागात दुकान किंवा कारखाना नाही. व्यापारी भागात दुकान आणि कचेरी चालेल, पण कारखान्यासाठी इमारतीचा साधारण चौथा हिस्साच वापरता येईल.

दुसरी, उंची. रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंत इमारत सरळ वर जाईल. त्यापुढे तिला मागे सरकावे लागेल. भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र मनोरा कितीही उंच नेता येईल. एम्पायर स्टेट बिल्डिंगसारख्या जुन्या गगनचुंबी इमारती पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, त्या याच नियमामुळे.

तिसरी, सूट. एखाद्या भूखंडावर नियम अवाजवी जाचक ठरत असेल, तर अपील मंडळाकडे दाद मागता येईल. बॅसेट यांना ही सोय फार महत्त्वाची वाटे. प्रत्येक गाऱ्हाणे थेट न्यायालयात गेले, तर एखाद्या टोकाच्या प्रकरणात सगळा कायदाच रद्द होण्याची भीती होती.

मग कारखाने हलले कसे?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नवे नियम मागील तारखेपासून लागू नव्हते. जे कारखाने आधीपासून होते, त्यांना कायद्याने कोणी उठवू शकत नव्हते.

ते काम दुकानदारांनी स्वतःच्या ताकदीवर केले. मार्च १९१६ मध्ये ‘सेव्ह न्यूयॉर्क’ या नावाने वृत्तपत्रांत मोठ्या जाहिराती आल्या. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारी बडी दुकाने यात एकत्र आली. ३३वा ते ५९वा रस्ता आणि थर्ड ते सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू या पट्ट्याबाहेर ज्यांचा कारखाना आहे, त्यांच्याच मालाला १ फेब्रुवारी १९१७ पासून प्राधान्य, असे त्यांनी जाहीर केले. माल घेणाराच असे म्हणाला की कारखानदाराला वेगळ्या नोटिशीची गरज उरत नाही.

म्हणजे दोन कात्र्या एकाच वेळी चालल्या. बहिष्काराने जुने कारखाने बाहेर ढकलले आणि झोनिंगने नव्यांना आत येण्यापासून रोखले. कारखानदार पश्चिमेला सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूकडे गेले. तिथे १९१० मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशन सुरू झालेले होते, त्यामुळे बाहेरगावच्या खरेदीदारांना ते सोयीचे पडले. १९२१ मध्ये कारखानदारांनी एकत्र येऊन तिथे स्वतःच्या उंच इमारती उभ्या केल्या. तोच भाग पुढे ‘गारमेंट डिस्ट्रिक्ट’ म्हणून जगभर ओळखला गेला. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून निघालेले स्पर्धक काही रस्ते ओलांडून पुन्हा शेजारी शेजारी बसले.

झोनिंग देशभर कसे पसरले?

नियम मंजूर झाल्यावर बॅसेट थांबले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये झोनिंगच्या पाठिराख्यांनी समिती स्थापन केली आणि ते तिचे कायदेशीर सल्लागार झाले. राज्याराज्यांत फिरून शहरांना नियम कसे लिहावेत, न्यायालयात कसे टिकवावेत, हे ते सांगत राहिले. वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी १९२१ मध्ये नेमलेल्या सल्लागार समितीतही ते होते. या समितीने राज्यांसाठी तयार केलेला नमुना कायदा १९२० च्या दशकात एकामागून एक राज्यांनी स्वीकारला.

कसोटीचा क्षण आला तो १९२६ मध्ये. ओहायो राज्यातील युक्लिड या गावाने अ‍ॅम्बलर रिअल्टी कंपनीच्या ६८ एकर जमिनीच्या वापरावर निर्बंध आणले. कारखान्यांसाठी विकली तर एकरी दहा हजार डॉलर, निवासी ठरली तर अडीच हजार, असे कंपनीचे म्हणणे होते. २२ नोव्हेंबर १९२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. झोनिंग आता घटनेच्या कसोटीवर टिकले होते.

बॅसेट यांनी या विषयावर १९३६ मध्ये ग्रंथ लिहिला. ‘फ्रीवे’ हा शब्दही त्यांनीच १९३० मध्ये रूढ केला. २७ ऑक्टोबर १९४८ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वारशावर टीका का होते?

झोनिंगमुळे शाळेशेजारी कातडी कमावण्याचा कारखाना येत नाही, घरात उजेड राहतो, हे मोलाचे आहे. पण नकाशावरची रेषा तटस्थ नसते. रेषेच्या आत ज्याची जागा आहे, त्याला कमी स्पर्धक आणि चढे भाव मिळतात. बाहेर असलेल्याला लांबचा रस्ता आणि नवे भाडे. आपण कोणाचा धंदा वाचवतो आहोत, हे कायद्याला बोलून दाखवता येत नसल्यामुळे तो हिशेब कागदावर येतच नाही.

युक्लिडच्या निकालातच याची चुणूक दिसते. एकेकट्या घरांच्या वस्तीत भाड्याच्या सदनिकांची इमारत येणे हे न्यायालयाने जवळपास उपद्रव मानले. वंशावरून वस्त्यांची विभागणी करणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच बाद ठरवले होते. तरीही फक्त मोठ्या भूखंडांवरची स्वतंत्र घरे चालतील, अशा नियमांच्या आडून अनेक उपनगरांनी गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना दूर ठेवले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या पदपथावरचे कामगार आणि ही कुटुंबे यांच्यात एक साम्य आहे. रेषा ओढताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय?

आपल्याकडची नगररचना प्रामुख्याने ब्रिटिश वळणाने घडली. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नियमांपेक्षा एक वर्ष आधीचा. पुढे १९६१ मध्ये न्यूयॉर्कने जुने नियम बदलून भूखंडाच्या पटीत बांधकाम मोजण्याची पद्धत आणली. त्याच धर्तीचा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, १९६४ च्या विकास आराखड्याने मुंबईत आणला. राज्याचा प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा.

रेषा बदलली की धंदा बदलतो, हे मुंबईने गिरणगावात पाहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धडधड मंदावली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाचा मार्ग खुला केला आणि २००१ मध्ये त्यात बदल झाले. लोअर परळला जिथे साचे चालत, तिथे मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आल्या. स्पर्धक कंपन्या तिथे शेजारी शेजारी बसल्या, पण आता बँकांच्या आणि जाहिरात कंपन्यांच्या रूपात.

न्यूयॉर्कच्या त्या कारखान्यांचे पुढे काय झाले?

गारमेंट डिस्ट्रिक्ट अनेक दशके भरभराटीला होता. नंतर परदेशी माल स्वस्त झाला आणि कचेऱ्यांची भाडी चढली. शिलाई यंत्रांच्या जागी संगणक येऊ लागले. तेव्हा १९८७ मध्ये शहराने पुन्हा झोनिंगचाच आधार घेतला, पण उलट्या कारणासाठी. त्या भागात कारखान्याची जागा कचेरीला द्यायची, तर तेवढीच जागा कारखान्यांसाठी राखून ठेवावी लागेल, असा नियम झाला. ज्या हत्याराने कपड्यांचे कारखाने फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूपासून लांब ठेवले गेले, तेच हत्यार सत्तर वर्षांनी त्यांना मॅनहॅटनमध्ये टिकवण्यासाठी वापरले गेले.

पण नकाशा जागा राखू शकतो, गिऱ्हाईक आणू शकत नाही. कारखाने घटतच राहिले आणि २०१८ च्या अखेरीस शहराने तो नियमही मागे घेतला.

आपल्या शहराचा विकास आराखडा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपण बहुधा आपल्या घरावर रस्त्याचे आरक्षण पडले आहे का, एवढेच पाहतो. कोपऱ्यावरचा पिठाची गिरणीवाला, गल्लीतला वेल्डिंगवाला आणि चार घरे सोडून शिवणकाम करणारी बाई कोणत्या रंगात गेले, हेही त्याच नकाशात असते. हरकत नोंदवायची मुदत त्यांनाही तेवढीच असते.